साच्यात न उतरलेले सहा जवान

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१७ नोव्हेंबर २०२४

मधूकाका, नमस्कार.

मी नेत्रा, आनंदा भोईरांची मुलगी. तुम्ही मला पाहिलं त्याला तीसेक वर्षं झाली असतील. तुमच्या अभिजीतचा नंबर मिळाला होता. तो म्हणाला, बाबांना फोनवर काहीच ऐकू येत नाही, पण पत्र आलं तर दहादा वाचतात. म्हणून हे पत्र.

बाबा फेब्रुवारीत गेले. अभिजीतला तेव्हा कळवलं होतं, तुम्हाला कळलंच असेल. चामटोलीचं घर आवरून माईला मी इकडे माझ्याकडे आणलं. आवरताना बाबांच्या पत्र्याच्या पेटीत एक गुंडाळी सापडली. तुमच्या अंबरनाथच्या कारखान्यात 'जवान विक्रम' नावाचा हातपाय हलणारा बाहुला निघायचा ना, त्याच्या पुढच्या मालिकेची चित्रं आहेत. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली, समोरून आणि बाजूने, मापांसकट. तारीख १९८८ ची.

सहा जवान आहेत आणि एकाच्याही हातात बंदूक नाही. एक लंगरी आहे, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, त्याच्याजवळ पातेलं आणि डाव. एक टपालाची पिशवी घेतलेला. एक खेचराचा लगाम धरून उभा, एक रेडिओवाला, एक स्ट्रेचर उचलणारा. आणि सहावा लोखंडी ट्रंकेवर बसलाय. त्याला एकच पाय आहे, काखेत कुबडी. सहाही जणांचा चेहरा एकच. डाव्या भुवईत खाच आहे. मला वाटतं बाबांनी तरुणपणीचा स्वतःचाच चेहरा वापरला असावा.

डोंबिवलीचा पुष्कर नावाचा मुलगा जुनी भारतीय खेळणी जमवतो. त्याला हे सहा जवान आता मोजक्या संख्येत तयार करायचे आहेत, बाबांच्या नावाने. मला आवडेल. बाबा आयुष्यभर एवढंच म्हणायचे, "मधू म्हणाला डाय होत नाही, म्हणजे होत नाही." त्यापुढे काही सांगायचे नाहीत. डाय म्हणजे साचा, आणि साचे तुम्ही करायचात. ही मालिका का निघाली नाही, तेवढं मला सांगाल का?

तुमची,
नेत्रा


वांगणी
१ डिसेंबर २०२४

चि. नेत्रा,

पत्र मिळालं. अक्षर थेट आनंदासारखं आहे, पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला.

तो गेल्याचं अभिजीतने सांगितलं होतं. यायला हवं होतं मी. गुडघ्यांचं निमित्त आहेच.

आनंदा चित्र काढायचा, मग मेणात नमुना करायचा, आणि त्यावरून मी पोलादात साचा कोरायचा. अकरा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. त्याची आई भाकरीबरोबर वालाचं बिरडं द्यायची, त्यातलं अर्धं माझं.

त्या मालिकेचं विचारतेस. अगं, शेठला ती पटली नाही. बंदूक नसलेला फौजी कोण पोर मागणार, असं त्याचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीने त्याचंही बरोबर होतं. पुढे चारेक वर्षांत कारखानाच बंद झाला. चेहऱ्याचं म्हणशील तर तो मनातला असेल, चित्रकाराला कुठलातरी चेहरा लागतोच.

त्या मुलाला चित्रं द्यायची तर दे. सहावं मात्र देऊ नकोस. लंगडा फौजी म्हणून लोक हसतील, आनंदाची शोभा होईल.

माईंना माझा नमस्कार सांग.

मधू


शिरगाव, बदलापूर
२२ डिसेंबर २०२४

मधूकाका,

तुमचं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं. मग चित्रं माईला दाखवली. इतके दिवस दाखवली नव्हती, तिला त्रास होईल म्हणून. तिने चष्मा लावला, पहिलंच चित्र हातात घेतलं आणि म्हणाली, "हे तं भाऊजी."

बाळाजीकाका. बाबांचा मोठा भाऊ. मला लहानपणापासून सांगितलं होतं की काका तापाने गेले. परवा माईने खरं सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला, गुडघ्याखालचा गेला. पंधरा वर्षं ते चामटोलीत आमच्याबरोबर राहिले. मला खांद्यावर घेता येत नसे म्हणून ओटीवर बसून मांडीवर घ्यायचे म्हणे. शहाऐंशीच्या मार्गशीर्षात एक दिवस जेवून उठले, कुबडी घेतली, वांगी तोडून आणतो म्हणाले आणि परत आले नाहीत. बाबांनी कर्जतपासून कल्याणपर्यंत शोध घेतला. पेन्शनच्या ऑफिसात जाऊन बसायचे, काका पेन्शन घ्यायला आले तर सापडतील म्हणून. ते तिथेही कधी आले नाहीत.

आणि ही चित्रं कशासाठी होती, तेही माईला माहीत होतं. बाबा तिला म्हणाले होते, "आपल्या खेळण्यांचा डबा देशभरच्या दुकानात जातो. कुठंतरी दादा काचेतून बघेल. स्वतःचा चेहरा बघितल्यावर त्याला कळेल की घरी वाट बघतायत."

मधूकाका, मी हे वाचून नाही, ऐकून रडले. मग एक गोष्ट केली. पुष्करच्या ओळखीचे साचेवाले उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आहेत, त्यांना चित्रं दाखवली. ते म्हणाले, पहिल्या पाचांचं धड जुन्या विक्रमचंच आहे, फक्त डोकं आणि हातातलं सामान नवीन. महिन्याभराचं काम होतं. शेवटच्या चित्रामागे तुमच्या शेठचं पेन्सिलीतलं अक्षरही आता दिसलं: "बहुत अच्छा है. मधू बोलता है डाय नहीं निकलेगा. बंद."

म्हणजे शेठला पटलं होतं. नको म्हणणारे तुम्ही होतात. असं का केलंत?

नेत्रा


शिरगाव, बदलापूर
९ फेब्रुवारी २०२५

मधूकाका,

दीड महिना झाला. अभिजीत म्हणतो, पत्र पोचलंय, बाबा उशीखाली ठेवतात.

काल बाबांचं वर्षश्राद्ध झालं. तुम्ही याल असं माईला वाटत होतं. मी तिला तुमच्याविषयी अजून काहीही सांगितलेलं नाही.

नेत्रा


वांगणी
२६ फेब्रुवारी २०२५

नेत्रा,

सहा वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो, आणि पुन्हा वाचणार नाही.

शेठने नकार दिला हे मी खोटं लिहिलं. चेहरा मनातला आहे हेही खोटं. पहिलं चित्र टेबलावर आलं तेव्हाच मी भुवईवरून बाळाजीदादाला ओळखलं होतं. पण त्याच्याही आधी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं होतं.

साच्याला लागणारं पोलाद आणायला मी उल्हासनगरला जायचो. कॅम्प पाचमध्ये एका गल्लीत मोतीबाई नावाच्या सिंधी बाई पापड करून विकायच्या. त्यांच्या मागच्या खोलीच्या दारात खाटेवर पापड वाळत घातलेले होते आणि कुबडी घेऊन एक माणूस कावळे हाकत बसला होता. मी दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो. त्यानेच हाक मारली, "मधू, आता बघितलंसच तर बस."

मोतीबाईंना त्याने नावही सांगितलं नव्हतं. त्या त्याला फौजी म्हणायच्या. दुकानावर लक्ष ठेवायचा, पापड उलटायचा, हिशेबाच्या चिठ्ठ्या लिहून द्यायचा. पेन्शन घ्यायला जात नव्हता, कारण तिथून पत्ता लागला असता.

घर का सोडलं, ते त्याने मला त्याच दिवशी सांगितलं. तुझ्या बाबांना दिल्लीच्या एका मोठ्या खेळण्यांच्या कंपनीने बोलावलं होतं. तुझ्या माईलाही बहुतेक आनंदाने हे पुरतं सांगितलं नसावं. आनंदाने नकाराचं पत्र लिहिलं आणि ते टाकायच्या आधी दादाच्या हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की घरी अपंग भाऊ आहे, त्याला सोडून येता येत नाही. दादा म्हणाला, "माझ्यापायी त्याचा हात हितंच गंजायचा. मी निघालो म्हंजे तो जाईल."

आणि आनंदा गेला नाही. दादा परत येईल, तेव्हा घर बंद दिसू नये म्हणून तो जन्मभर चामटोलीतच थांबला.

हे मी दादाला सांगितलं. आनंदा दिल्लीला गेलेला नाही, तुला शोधतोय, घरी चल, म्हणालो. तो ऐकेना. म्हणाला, आज ना उद्या कंटाळून जाईलच तो. त्याने मोतीबाईंच्या देवापुढे माझा हात धरून शपथ घातली, आनंदाला सांगशील तर मी इथूनही निघून जाईन आणि मग तुलाही सापडणार नाही. मी घाबरलो. निदान कुठे आहे हे तरी मला माहीत होतं.

मग पावसाळ्यानंतर ती चित्रं आली. मी भेटायला गेलो तेव्हा दादाला म्हणालो, आनंदा तुझा बाहुला करतोय, डब्यावर तुझा चेहरा येणार. सहाव्या चित्राचं सांगितलं. दादाचा चेहरा असा काही झाला की मी बोलायचं थांबलो. तो म्हणाला, "मला दुकानात मांडू नको, मधू. थांबव त्याला."

मी थांबवलं. शेठपुढे उभा राहून म्हणालो, हे साच्यातून सुटणार नाही, हात तुटतील, पाय तुटतील. शेठला साच्यातलं काही कळत नव्हतं. आनंदाला कळत होतं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे नसेल होत." मग चित्रं गुंडाळून घेऊन गेला. मी भांडणाची तयारी करून आलो होतो. तो भांडला असता तर मी सगळं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय.

बाळाजीदादा ११ जानेवारी १९९१ ला गेला. छातीत पाणी झालं होतं. उल्हासनगरच्या स्मशानात मी अग्नी दिला. बरोबर मोतीबाईंचा मुलगा आणि गल्लीतली चार माणसं होती.

आता तू विचारशील, त्यानंतर का नाही सांगितलं. शपथ तर त्याच्याबरोबर संपली. त्या सोमवारी कामावर गेलो, आनंदाने डबा उघडला, बिरडं माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाला, आज दादाचा वाढदिवस. मला तोंड उघडता आलं नाही. त्या दिवशी नाही उघडलं, मग दुसऱ्या दिवशी आणखी जड झालं. असं करत तेहतीस वर्षं गेली. त्याच्या मयताला मी गुडघ्यामुळे नाही आलो असं नाही. मला त्याचं तोंड बघवलं नसतं.

मधू


शिरगाव, बदलापूर
२० एप्रिल २०२५

मधूकाका,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं होतं. ते टाकलं नाही, बरं झालं.

मी शाळेत शिकवते. मुलांनी खोटं बोलून नंतर कबूल केलं की मी त्यांना मोकळं करते. तुम्हाला मोकळं करायला मला जमत नाहीये. बाबा दर मे महिन्यात घराच्या दर्शनी भिंतीला चुना लावायचे, आजारी असतानाही, कारण काका लांबून घर ओळखतील. मी त्यांच्यावर चिडायचे, एवढी उठाठेव कशाला म्हणून. मला खरं माहीत असतं तर चिडले नसते. आणि बाबांना माहीत असतं तर ते दिल्लीला गेले असते की नसते, मला माहीत नाही, पण त्यांना एक दिवस सुतक धरून मोकळेपणी रडता आलं असतं. ते तुम्ही घेतलंत त्यांच्याकडून.

एवढंच लिहायचं होतं. पण माईला सगळं वाचून दाखवलं. तिच्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलं, घरात पुष्कळ लपवून झालंय. ती रडली नाही. मग मला म्हणाली, कागद घे, मधूला विचार: भाऊजी उपाशी तं नव्हते ना? थंडीचं पांघरूण होतं का? आणि शेवटाला आमची आठवण काढली का?

तिच्यासाठी विचारतेय. उत्तर नीट द्या.

नेत्रा


वांगणी
२ मे २०२५

नेत्रा,

माईंना असंच्या असं वाचून दाखव.

वहिनी, तो उपाशी नव्हता. मोतीबाई दोन्ही वेळेला ताट द्यायच्या. कढी त्याला आधी आवडत नव्हती, मग आवडायला लागली. तुमच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण काढायचा, मोतीबाईंना एकदा त्याने थापून दाखवली, चुलीवर फाटली, तेव्हा दोघंही हसले. पांघरूण होतं. शेवटच्या हिवाळ्यात मी माझी घोंगडी दिली होती, मोतीबाईंनी वरून एक रजई घातली. त्याला थंडी वाजली नाही.

तुमची आठवण रोज काढायचा. मी गेलो की आधी नेत्राची चौकशी. ती शाळेत जायला लागली, तिला पाढे येतात, तिचा दात पडला, हे सगळं मी आनंदाकडून ऐकायचो आणि त्याला नेऊन सांगायचो. आनंदा कामावर बोलायचा ते सगळं मी तिकडे पोचवायचो. तिकडचं मात्र इकडे कधी आणलं नाही.

आता एक गोष्ट राहिली. मागच्या पत्रात ती लिहायची हिंमत झाली नाही. ती तुमच्या प्रश्नात बसत नाही, तरी लिहितो.

जायच्या चार दिवस आधी दादाने मला विचारलं, आनंदाने माझा पाय कसा काढला होता रे? मी म्हणालो, एकाच चित्रात पाय नाहीये, बाकी पाचांत दोन्ही आहेत. चांगले बूट घालून उभा आहेस. एकात स्वयंपाक करतोयस, एकात टपाल वाटतोयस.

तो उठून बसला. म्हणाला, पाच आणखी होती हे तू मला सांगितलं नव्हतंस.

खरंच नव्हतं सांगितलं. त्या दिवशी मी सुरुवातच सहाव्यापासून केली होती आणि त्याचा चेहरा बघून पुढचं राहून गेलं. तो समजला की आनंदाने त्याची तेवढी एक कुबडीच काढलीय.

मग तो म्हणाला, "मधू, ती पाच तरी करायची होतीस. दोन पायांवर हिंडलो असतो मी सगळीकडं."

नेत्रा, तू मला मोकळं करू नकोस. मी तुझ्याकडे ते मागितलेलं नाही.

मधू


शिरगाव, बदलापूर
७ सप्टेंबर २०२५

मधूकाका,

उशीर झाला. चार महिने माझ्याच्याने लिहवलं नाही.

पुष्करला मी पाच चित्रं दिली. सहावं पाहून त्याने फार आग्रह केला, सगळ्यांत चांगलं तेच आहे म्हणाला. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. त्याने ते गुंडाळून परत दिलं. प्रत्येकाचे शंभर नग निघाले. डब्याच्या मागे बाबांचं नाव आहे, आणि त्याखाली मी बाळाजी भोईर हे नाव घालायला लावलं. जळगावहून, नागपूरहून लोकांनी मागवले. आता त्यांना ओळखून घरी परतणारं कुणी नाही, तरी ते गेले.

जूनमध्ये माईला घेऊन मी कॅम्प पाचला गेले होते. मोतीबाई वारल्या. त्यांच्या मुलाला फौजी आठवत होता. त्याने ती खोली दाखवली. आता तिथे जीन्सची शिलाई चालते, आत जायला वाट नाही. माई उंबऱ्याजवळच उभी राहिली. मुलगा तिला हिंदीत सांगत होता की फौजीने त्याला लिहायला शिकवलं, आणि ती अर्धं कळून मान हलवत होती. निघताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना रिक्षात म्हणाली, एवढ्या जवळ व्हते.

आता कामाचं लिहिते. काकांचं श्राद्ध आमच्याकडे कधी झालंच नाही, कारण बाबांच्या लेखी ते हयात होते. तुम्ही दिलेल्या तारखेवरून भटजींनी तिथी काढून दिली. पितृपक्षातली एकादशी, बुधवार, १७ तारीख. माईने तांदळाच्या भाकरी आणि बिरडं करायचं ठरवलंय. बाबांचंही त्याच दिवशी तिला करायचंय, भटजी नको म्हणाले, ती ऐकत नाही.

पानावर कोणाला बसवायचं हे मी तिला विचारलं. माझ्या मनात शेजारचे एक वयस्कर गृहस्थ होते. ती म्हणाली, "भाऊजींना आग ज्यानं दिली, त्यानंच जेवायचं. मधूला बोलव."

मी तिला म्हटलं, माझं मन अजून तयार नाही. ती म्हणाली, तुझं मन तुझ्यापाशी ठेव, तू फक्त वाढ.

म्हणून लिहिते आहे. अभिजीतला सांगितलंय, तो तुम्हाला गाडीने आणून सोडेल. बारापर्यंत या. लिफ्ट चालू आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही. मी तुमच्याशी फार बोलेन असं वाटत नाही, आणि बोलले तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. पण वाढेन मीच.

नेत्रा